राक्षस तोंडावर पडेना

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे बोईसरमधल्या माझ्या कराटे क्लासच्या मुलांनाच नाही, त्यांच्या आयांनाही माहीत आहे. नोकरीने मी फिटर. सांगलीकडून इथल्या कारखान्यात आलो त्याला आता तीस वर्षं होत आली. सकाळी सहा ते साडेसात, ड्यूटीच्या आधी, वसाहतीच्या मैदानावर क्लास घेतो. कोणाचा खांदा वर गेला, कोणाची टाच उचलली, की माझं डोकं सटकतं. बायको म्हणते, तुमच्या क्लासला येणारी मुलं बाहेर कोणालाच घाबरत नाहीत, कारण त्यांचं घाबरून झालेलं असतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे जे घडलं त्यात चूक कोणाची, हे मग शोधत बसावं लागणार नाही.

पिक्चर काढायची कल्पना माझी नव्हती. माझी एक जुनी विद्यार्थिनी आहे, माकुणसारची. घरची वाडी, चिकू, नारळ, सगळं. आता ती एका कारखान्याच्या लॅबमध्ये काम करते. लहानपणापासून तिला मारामारीच्या चमत्कारी पिक्चरांचं वेड: हवेत चालणारे गुरू, तळ्यातून उठणारी भुतं, एका फुंकरीत दहा जणांना आडवं करणारी म्हातारी माणसं. एक दिवस ती वही घेऊन आली. तिच्या गोष्टीत समुद्राकाठच्या गावात एक राक्षस येतो. तो माणसं खात नाही, त्यांचा श्वास चोरतो. श्वास गेलेली माणसं चालतात, बोलतात, जेवतात, पण त्यांना कशाचंच काही वाटेनासं होतं. गावातली एक मुलगी म्हाताऱ्या गुरूकडून श्वास रोखून लढायची विद्या शिकते आणि शेवटी उडून राक्षसाच्या छातीत लाथ घालते. राक्षस तोंडावर पडतो आणि त्याच्या मुखवट्यातून गावभरचे श्वास धुरासारखे बाहेर येतात.

पिक्चर मोबाइलवर काढायचा आणि इंटरनेटवर टाकायचा. मुलगी ती स्वतः, दिग्दर्शकही तीच, मोबाइल धरायला तिचा भाऊ. म्हातारा गुरू मी, आणि मारामाऱ्या बसवायचं कामही माझ्याकडे. म्हातारा म्हटल्याचा मला राग आला होता, पण दोन दिवसांत उतरला, कारण मनातून मी खूष होतो. एवढी वर्षं लाथा शिकवल्या, त्या कोणीतरी बघणार होतं.

राक्षस मात्र आम्हाला आयताच मिळाला. आमच्या कारखान्यात ठेकेदाराकडे एक तिशीतला माणूस कामाला होता, पॅकिंगमध्ये पोती उचलायला. नाइट करून घरी जाताना तो मैदानाच्या तारेपाशी उभा राहून क्लास बघायचा. एकदा मी ओरडलो, बघतोस काय, आत ये. तो खरंच आत आला, आणि मग रोज येऊ लागला. अंगात ताकद होती, पाय जमिनीला घट्ट. फक्त कंबर म्हणून स्थिर राहायची नाही. प्रत्येक पावलाला ती हलायची, मान डुलायची. सहा महिने मी त्याला एकच गोष्ट सांगत होतो आणि सहा महिने ती त्याच्या डोक्यात शिरत नव्हती. मी हात टेकले होते. माकुणसारच्या मुलीने त्याला एकदाच पाहिलं आणि म्हणाली, सर, तो चुकत नाहीये, तो नाचतोय. त्याला आहे तसाच राहू द्या, आपला राक्षस असाच चालेल.

तिचं बरोबर होतं. चहाच्या टपरीवर तिने खोदून विचारलं तेव्हा त्याने सांगितलं. त्याचं गाव जव्हारच्या पुढे, डोंगरात. तिथे उन्हाळ्याच्या तोंडाला बोहाडा होतो. देवांचे, दैत्यांचे मोठाले मुखवटे चढवून माणसं गावातून नाचत निघतात. त्याला ते सोंग नाचवणं म्हणतात. एकेका घराकडे एकेका सोंगाचा मान असतो, आणि त्याच्या घराकडे राक्षसाचा होता. बाप होता तोवर बापाने नाचवलं, मग त्याने. पण मागची दोन वर्षं बोहाड्याच्या दिवसांत त्याला बोईसर सोडता आलं नव्हतं आणि राक्षसाचा मान चुलत्याच्या घरी गेला होता.

“यंदा परत देतो बोललेत,” तो म्हणाला. “यंदा जर नाय मिळालं सर, तर मग आमच्या घरातून सोंग गेलं ते गेलंच. आई तेच्यासाठीच जीव धरून हाय.”

एरवी चार शब्द न बोलणारा माणूस त्या दिवशी एवढं बोलला. मोबाइलमध्ये त्याने आम्हाला त्या मुखवट्याचा फोटोही दाखवला. लालभडक चेहरा, बाहेर आलेले डोळे, दातांची रांग. मी तिथल्या तिथे ठरवलं, आपल्या राक्षसाला हाच चेहरा. तो जरा थांबून म्हणाला, सर, सेम नका बनवू. मी म्हटलं, सेम कुठे, मी शिंगं लावणार आहे. त्याने मोबाइल खिशात टाकला, आणि माझ्या दृष्टीने विषय संपला.

मुखवटा मी घरीच केला. उलट्या घमेल्यावर वर्तमानपत्राच्या पट्ट्या, मैद्याची खळ, मधेमधे जुन्या धोतराच्या चिंध्या, वरून ऑइलपेंट. दहा दिवस बायकोला गॅलरीत कपडे वाळत घालू दिले नाहीत. पुठ्ठ्याची दोन शिंगं बसवली आणि शेवटी डोळ्यांत पांढरा रंग भरला, तेव्हा मलाच जरा दचकायला झालं. आयुष्यात मी हजारो नट-बोल्ट आवळले असतील, पण आपल्या हातून काहीतरी झालं असं तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

शेवटच्या मारामारीचं शूटिंग आम्ही केळव्याला, किनाऱ्यावरच्या सुरूंच्या झाडांपाशी केलं. शुक्रवार होता, कारखान्यांना सुट्टी. उडी उंच जावी म्हणून ट्रकची हवा भरलेली ट्यूब वाळूत पुरली होती. तिच्यावर पाय देऊन ती मुलगी उडायची, हवेत वळायची आणि लाथ राक्षसाच्या छातीपाशी आणायची. त्याने तोंडावर कोसळायचं. आदल्या आठवड्यात मुखवट्याशिवाय तालीम घेतली होती तेव्हा तो असा सपशेल पडला होता, की किनाऱ्यावर फिरायला आलेल्या बाया धावत आल्या होत्या. मी निर्धास्त होतो.

त्या दिवशी मी सगळ्यांसाठी वडापाव नेले होते. त्याने घेतला नाही, उपास आहे म्हणाला. मुखवटा चढवायच्या आधी बाजूला जाऊन, पाठ करून, तो कपाळाला लावला. नट लोकांचं असतं असलं काहीतरी, म्हणून मी सोडून दिलं. मग तो चालायला लागला. सहा महिने मी ज्या कमरेला शिव्या घातल्या होत्या ती कंबर वाळूवर अशी काही हलत होती, की मीच बनवलेल्या त्या कागदाच्या तोंडाची मला भीती वाटली. मुंबईहून पिकनिकला आलेली माणसंही हातातली भेळ विसरून बघत राहिली.

आणि मग त्याला लाथ बसली, आणि तो तोंडावर पडेना.

पहिल्या वेळी हवेत अंग वळवून तो खांद्यावर पडला. दुसऱ्या वेळी पाठीवर. तिसऱ्या वेळी कोपरावर, एक हात मुखवट्याखाली धरून. मी नीट समजावलं. करून दाखवलं. पुन्हा तेच. पाचव्या, सहाव्या वेळेला ती मुलगी दमून ट्यूबवरून घसरायला लागली. उजेड उतरत होता, भरतीचं पाणी जवळ येत होतं, आणि हा गडी प्रत्येक वेळी आकाशाकडे तोंड करून पडत होता. दर वेळी उठून म्हणायचा, होत नाय सर.

माझं डोकं फिरलं. पिकनिकवाल्यांच्या देखत मी त्याला म्हणालो, “पोती उचलायला सांगितलेलं नाही तुला, नुसतं पडायला सांगितलंय. पोतंसुद्धा तुझ्यापेक्षा बरं पडतं.”

कोणीतरी हसलं. मुखवट्याच्या आत काय झालं ते मला दिसायचा प्रश्नच नव्हता. त्याने अजून दोनदा करून पाहिलं आणि दोन्ही वेळा खांद्यावरच पडला. तेव्हा मी म्हटलं, दे इकडे, मीच पडतो. त्याने गाठी सोडल्या, मुखवटा दोन्ही हातांवर घेऊन माझ्यापुढे धरला आणि हळूच म्हणाला, “सर, खाली नका टेकवू.”

मला वाटलं रंग खराब होईल म्हणून म्हणतोय. मी त्याचा झगा घातला, मुखवटा बांधला, लाथ खाल्ली आणि पहिल्याच फटक्यात असा पडलो, की तोंड वाळूत रुतलं आणि एक शिंग मोडलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी गाठी सोडून मुखवटा बाजूला टाकला आणि उठून बघतो तर त्याने तो कधीच उचलला होता. पंच्याच्या टोकाने तो मुखवट्याच्या डोळ्यांतली वाळू काढत होता. त्याच्या हाताची कातडी कोपरापासून मनगटापर्यंत सोलवटली होती. त्या मुलीने आपल्या ओढणीने त्याचा हात बांधला. मी मोबाइलमध्ये माझं पडणं बघण्यात गुंग होतो.

पिक्चर इंटरनेटवर आला. पूर्ण पिक्चर फार कोणी पाहिला असेल असं नाही, पण राक्षस पडतो तेवढा तुकडा गाजला. तो मीच कापून स्टेटसला ठेवला होता. तो या ग्रुपवरून त्या ग्रुपवर गेला, कोणीतरी त्याला विनोदी म्युझिक लावलं आणि राक्षसाचं तोंड पुन्हा पुन्हा वाळूत आपटायला लागलं. कँटीनमध्ये लोक मला टाळ्या देत होते. त्यालाही देत होते, कारण राक्षस तोच, असं सगळ्यांना वाटत होतं. तो नुसता हसायचा.

मग तो क्लासला येईनासा झाला. दोन आठवडे गेले. बिनशिस्तीचा म्हणून मी मनातल्या मनात त्याचं नावही कापलं होतं. एका संध्याकाळी त्या मुलीचा फोन आला. तिने त्याला बोईसर स्टेशनबाहेर गाठलं होतं आणि पिच्छा पुरवून काढून घेतलं होतं. तो तुकडा त्याच्या गावात पोहोचला होता. सोंग चढवलेल्या माणसाने ते जमिनीला टेकू द्यायचं नाही, ही त्यांच्याकडची पहिली गोष्ट. पाय मोडला तर मोडू दे, सोंग वर राहिलं पाहिजे. लहानपणी नाचायला शिकवतात ते पडायला शिकवूनच. गावाने ठरवलं होतं, ज्याने सोंगाला माती खायला लावली त्याच्या हाती यंदा सोंग नाही.

माझा पहिला विचार काय होता तो प्रामाणिकपणे लिहितो. मी म्हणालो, अरे, पण ते वर्तमानपत्र आहे. मैद्याची खळ मी स्वतः शिजवली आहे. त्यात कुठला आला देव आणि कुठला राक्षस?

ती म्हणाली, “सर, आपण क्लासमध्ये मैदानात पाय टाकताना वाकतो. त्या मैदानात एरवी गुरं चरतात.”

मी फोन ठेवला आणि बराच वेळ गॅलरीत बसलो. आठ वेळा तो हवेत वळला होता, ते मला आठवत राहिलं. तोंडावर पडायचं असताना लाथ लागल्यावर हवेत वळून खांद्यावर येणं किती कठीण, हे माझ्याइतकं तिथे कोणाला कळायला हवं होतं? तीस वर्षं मी लोकांना पडायला शिकवतोय. इतकं सुंदर पडणं मी पाहिलेलं नव्हतं, आणि मी त्याला पोतं म्हणालो होतो. माझी मलाच शरम वाटली. एक गोष्ट मात्र कळेना. तुकड्यात पडणारा तो नव्हताच, मी होतो. हे त्याने गावात सांगून का टाकलं नाही?

पुढच्या शुक्रवारी ती मुलगी आणि मी माझ्या मोटारसायकलवर निघालो. चिल्हार फाट्याला हायवे ओलांडला आणि विक्रमगडवरून जव्हारचा घाट चढलो. गावात घराघरांपुढे मोहाची फुलं वाळत घातली होती. ज्यांच्या माळ्यावर सगळी सोंगं असतात त्या म्हाताऱ्या बाबांच्या ओटीवर आम्ही बसलो. सुट्टीसाठी गावी आलेला आमचा राक्षस आला, त्याच्या मागून त्याची आई आली आणि दाराशी टेकून उभी राहिली. मला पाहून तो इतका गोंधळला, की बसायचंही विसरला.

मी मोबाइल काढून बाबांपुढे धरला. राक्षस पडतो तिथे चित्र थांबवलं. वाळूवर पसरलेला डावा पंजा मोठा करून दाखवला आणि माझा डावा पंजा शेजारी ठेवला. लहानपणी उसाच्या चरकात माझी करंगळी अर्धी गेलेली आहे. चित्रातही ती अर्धीच होती.

“हा मी आहे, बाबा,” मी म्हणालो. “तो नाही. त्याने आठ वेळा लाथ खाल्ली, पण सोंग टेकू दिलं नाही.”

ते आठही तुकडे त्या मुलीच्या मोबाइलमध्ये होते. बाबांनी एकेक करून सगळे बघितले, काही परत बघितले. तिसऱ्याला तो कोपरावर घासत गेला तेव्हा दाराशी उभ्या असलेल्या आईने पदर तोंडावर घेतला. बाबांनी मोबाइल खाली ठेवला आणि त्याला विचारलं, तू का नाही बोललास.

तो खाली बघत म्हणाला, “सर आमाला फुकट शिकवतात. गावात त्यांचं नाव कसं सांगू? त्यांना काय ठाव होतं?”

बाबांनी मान हलवली. म्हणाले, ज्याला ठाऊकच नाही त्याच्या हातून झालं तर त्याला दोष नाही, आणि याच्यावर तर नाहीच. मग माझ्याकडे वळले. “मास्तर, यानं तुमाला काय सांगितलं नव्हतं ना?”

प्रश्न साधा होता. नाही म्हटलं असतं तर सगळं तिथेच मिटत होतं. मी त्याच्याकडे पाहिलं. तो मला नजरेने विनवत होता, की नाही म्हणा. हा माणूस माझ्यासाठी घरचा मान सोडायला निघाला होता, आणि आताही मलाच वाचवायला बघत होता.

“सांगितलं होतं,” मी म्हणालो. “दोनदा सांगितलं. सोंग असंच बनवू नका म्हणाला, आणि खाली टेकवू नका म्हणाला. मी ऐकलं नाही.”

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता उठून जा म्हणतील, आणि म्हणाले असते तर मी मुकाट्याने उठलो असतो. ते आत गेले. माळ्यावरून कापडात बांधलेलं एक गाठोडं घेऊन आले आणि त्याच्या हातांत दिलं. त्याने ते छातीशी धरलं. दाराशी त्याची आई खाली बसली. तिथूनच तिने त्या गाठोड्याला हात जोडले, मग डोळे पुसले.

“मास्तर, तुमी पन या,” बाबा म्हणाले. “पन सोंग समोर आलं की उभं नाय राहायचं. जमिनीवर बसायचं.”

मी येतो म्हणालो, बसतो म्हणालो.

निघताना तो मोटारसायकलपर्यंत सोडायला आला. गाठोडं अजून त्याच्या छातीशीच होतं. म्हणाला, नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं सर. मी म्हटलं, मला चाललं नसतं. मग जे त्या किनाऱ्यावरच म्हणायला हवं होतं ते म्हणालो. इतक्या वर्षांत कुठल्याही विद्यार्थ्याला मी ते म्हटलेलं नव्हतं, त्यामुळे शब्द नीट जुळेनात.

“ते मी पोत्याचं बोललो ना, सगळ्यांसमोर. ते चुकलं माझं.”

त्याने गाठोड्याची गाठ उगाच घट्ट केली.

“तेवढंच लागलं होतं, सर,” तो म्हणाला.

घाट उतरताना ती मुलगी मागे बसून काही ना काही बोलत होती आणि मी हूं म्हणत होतो. विक्रमगड आलं तरी मला गाडी धड चालवता येत नव्हती.